माझदा एमएक्स-५: पहिल्या आणि चौथ्या पिढीच्या चालनानुभवाची तुलना

माझदा एमएक्स-५ ही जपानच्या माझदा कंपनीची दोन आसनी, उघड्या छपराची क्रीडा मोटार आहे. तिची पहिली पिढी १९८९ ते १९९७ या काळात आणि चौथी पिढी २०१५ पासून बाजारात आली. या दोन पिढ्या अनुक्रमे 'एनए' आणि 'एनडी' या सांकेतिक नावांनी ओळखल्या जातात. जपानमध्ये ही मोटार 'रोडस्टर' (पहिल्या पिढीत 'युनोस रोडस्टर') या नावाने, तर उत्तर अमेरिकेत 'मियाता' या नावाने प्रसिद्ध आहे.

जुनी आणि नवी क्रीडा मोटार चालवताना चालकाला येणाऱ्या अनुभवात नेमका कोणता फरक पडतो, तो कोणत्या यांत्रिक कारणांमुळे पडतो आणि त्यात काय कमावले व काय गमावले, हे समजून घेण्यासाठी या दोन पिढ्यांची तुलना वारंवार केली जाते. या लेखात त्या तुलनेचे मुख्य मुद्दे दिले आहेत.

## पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, लोटस इत्यादी कंपन्यांनी लहान, हलक्या आणि उघड्या छपराच्या मोटारी मोठ्या संख्येने तयार केल्या. १९६२ साली आलेली लोटस एलान ही या प्रकारातील आदर्श मोटार मानली जाते. मात्र १९७० च्या दशकात सुरक्षितता आणि प्रदूषणविषयक नियम कडक झाले. त्यातच या मोटारींची विश्वासार्हता कमी असल्यामुळे दशकाच्या अखेरीस हा प्रकार जवळजवळ लोप पावला.

१९७९ साली अमेरिकी वाहनपत्रकार बॉब हॉल यांनी माझदाचे तत्कालीन संशोधनप्रमुख केनिची यामामोतो यांच्याशी झालेल्या भेटीत अशी मोटार नव्याने तयार करावी, असे सुचवले. पुढे हॉल स्वतः माझदाच्या अमेरिकी शाखेत रुजू झाले. कंपनीच्या जपान आणि कॅलिफोर्निया येथील आरेखन विभागांमध्ये या मोटारीच्या रचनेविषयी स्पर्धा झाली. तीत पुढे इंजिन आणि मागील चाकांना शक्ती ही कॅलिफोर्निया विभागाने पुरस्कारलेली पारंपरिक मांडणी निवडली गेली. प्रकल्पाचे नेतृत्व तोशिहिको हिराई यांच्याकडे होते. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील वाहनप्रदर्शनात ही मोटार प्रथम दाखवण्यात आली.

प्रकल्पाचे सूत्र म्हणून 'जिनबा इत्ताई' हा जपानी शब्दप्रयोग वापरण्यात आला. घोडा आणि स्वार यांची एकरूपता, असा त्याचा अर्थ आहे. मोटारीने चालकाची आज्ञा विनाविलंब पाळावी आणि रस्त्याची स्थिती चालकापर्यंत पोहोचवावी, अशी त्यामागील कल्पना होती. वापरणाऱ्याच्या भावनिक प्रतिसादाचे तांत्रिक गुणधर्मांत रूपांतर करणाऱ्या 'कान्सेई अभियांत्रिकी' या पद्धतीचाही येथे उपयोग केला गेला. ही पद्धत हिरोशिमा विद्यापीठातील मित्सुओ नागामाची यांनी विकसित केली होती.

एनएच्या चार लाखांहून अधिक प्रती तयार झाल्या. त्यानंतर १९९८ मध्ये दुसरी (एनबी) आणि २००५ मध्ये तिसरी (एनसी) पिढी आली. चौथ्या पिढीचे अनावरण सप्टेंबर २०१४ मध्ये झाले. या पिढीला २०१६ चा 'वर्ल्ड कार ऑफ द इयर' पुरस्कार मिळाला. एप्रिल २०१६ मध्ये सर्व पिढ्या मिळून दहा लाखावी एमएक्स-५ तयार झाली.

ही मोटार भारतात अधिकृतपणे विकली गेलेली नाही. भारतीय वाचकांना माझदा हे नाव मुख्यतः १९८० च्या दशकात सुरू झालेल्या 'स्वराज माझदा' या मालवाहू गाड्या आणि लहान बसगाड्यांमुळे परिचित आहे.

## तुलनेचा आधार

एकाच नावाच्या जुन्या आणि नव्या मोटारींची तुलना बहुधा अवघड ठरते, कारण प्रत्येक पिढीत मोटार लांब, रुंद आणि जड होत जाते. अशा वेळी अनुभवातील बदल वाढलेल्या वजनामुळे झाला की बदललेल्या तंत्रज्ञानामुळे, हे वेगळे करता येत नाही.

एमएक्स-५ या बाबतीत अपवादात्मक आहे. चौथी पिढी तिसऱ्या पिढीपेक्षा १०० किलोग्रॅमहून अधिक हलकी करण्यात आली. त्यामुळे तिचे वजन पुन्हा पहिल्या पिढीच्या जवळ आले. तिची लांबी तर पहिल्या पिढीपेक्षाही किंचित कमी आहे. दोन्हींत इंजिन पुढे असून शक्ती मागील चाकांना मिळते. दोन्हींत चार सिलिंडरचे, टर्बोचार्जर नसलेले पेट्रोल इंजिन आहे आणि हाताने बदलायचे गिअर उपलब्ध आहेत. साहजिकच या दोन मोटारींच्या अनुभवातील फरक हा मुख्यतः स्टीअरिंग, इंजिननियंत्रण, ढाच्याची कणखरता आणि इलेक्ट्रॉनिक साहाय्य यांमधील फरक आहे.

## तांत्रिक तपशील

पुढील तक्त्यात एनएची मूळ १.६ लिटर आवृत्ती आणि एनडीच्या दोन आवृत्त्या दिल्या आहेत. बाजारपेठ आणि सुविधांनुसार आकड्यांत थोडा फरक पडतो.

| बाब | एनए १.६ (१९८९) | एनडी १.५ (२०१५) | एनडी २.० (२०१८ नंतर) |
|---|---|---|---|
| इंजिनक्षमता (घन सेंमी) | १,५९७ | १,४९६ | १,९९८ |
| कमाल शक्ती (मेट्रिक अश्वशक्ती) | सुमारे ११५ ते १२० | १३१ | १८४ |
| कमाल टॉर्क (न्यूटन-मीटर) | सुमारे १३६ | १५० | २०५ |
| संपीडन गुणोत्तर | ९.४ : १ | १३ : १ | १३ : १ |
| गिअर (हाताने बदलायचे) | ५ | ६ | ६ |
| पुढील व मागील आसांतील अंतर (मिमी) | २,२६५ | २,३१० | २,३१० |
| रुंदी (मिमी) | १,६७५ | १,७३५ | १,७३५ |
| वजन (किलोग्रॅम) | सुमारे ९४० पासून | सुमारे ९९० पासून | सुमारे १,०३० ते १,०६० |
| टायर | १८५/६० आर १४ | १९५/५० आर १६ | २०५/४५ आर १७ |
| स्टीअरिंगला साहाय्य | नाही किंवा द्रवचलित | विद्युत | विद्युत |

## स्टीअरिंग

चालनानुभवातील सर्वांत जास्त चर्चिला जाणारा फरक स्टीअरिंगचा आहे. तो समजण्यासाठी वळणावर पुढील टायरचे काय होते, हे पाहणे आवश्यक आहे.

पुढील चाक वळवले की टायरचा जमिनीला टेकलेला भाग किंचित पिळला जातो आणि मोटारीला बाजूला ढकलणारे बल निर्माण होते. हे बल टेकलेल्या भागाच्या मध्यबिंदूवर न लागता त्याच्या थोडे मागे लागते. त्यामुळे चाकाला पुन्हा सरळ करू पाहणारा एक पीळ तयार होतो. हा पीळ दांड्यांमार्फत स्टीअरिंगपर्यंत येतो आणि चालकाच्या हाताला 'वजन' म्हणून जाणवतो. टायरची पकड संपत येते तसा बलाचा बिंदू पुढे सरकतो आणि हा पीळ कमी होऊ लागतो. दुसऱ्या शब्दांत, पुढची चाके घसरण्यापूर्वीच स्टीअरिंग हलके पडते. अनुभवी चालकासाठी ही पूर्वसूचना असते.

एनएच्या मूळ आवृत्तीत साहाय्य नसलेले रॅक-पिनियन स्टीअरिंग होते. द्रवचलित साहाय्य ही अनेक बाजारांत ऐच्छिक सुविधा होती. साहाय्य नसलेल्या मोटारीत टायर आणि हात यांच्यामध्ये केवळ धातूचे भाग आणि थोडे रबर असते. त्यामुळे रस्त्यावरील खडी, ओलावा, डांबराचा बदललेला पोत यांची वार्ता हाताला सतत मिळत राहते. याची किंमतही चालकच मोजतो. मोटार उभी असताना किंवा अगदी कमी वेगात स्टीअरिंग जड लागते. खड्ड्यात चाक गेल्यास त्याचा हिसकाही थेट हाताला बसतो.

एनडीमध्ये विद्युत मोटरचे साहाय्य आहे. चालकाने लावलेला जोर संवेदक मोजतो आणि संगणक मोटरला किती मदत करायची ते सांगतो. या पद्धतीत दोन अडचणी असतात. एक म्हणजे, मोटरचे घर्षण आणि जडत्व टायरकडून येणारी बारीक कंपने शोषून घेते. दुसरी अडचण अशी की हाताला जाणवणाऱ्या वजनाचा काही भाग टायरचा आणि काही भाग गणिताचा असतो. हा दोष कमी करण्यासाठी माझदाने मोटर स्टीअरिंगच्या दांड्यावर न बसवता रॅकजवळ दुसऱ्या पिनियनवर बसवली. २०२४ साठी केलेल्या सुधारणेत रॅकमधील घर्षण आणखी कमी करण्यात आले आणि नियंत्रणाची आज्ञावली बदलण्यात आली.

एनडीचे स्टीअरिंग अधिक तत्पर आणि अचूक आहे, परंतु एनएच्या तुलनेत ते कमी 'बोलके' आहे, असे मत वाहनसमीक्षकांमध्ये सर्वसाधारणपणे आढळते.

## इंजिन आणि अ‍ॅक्सिलरेटर

एनएमध्ये अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल आणि इंजिनातील हवेची झडप एका तारेने जोडलेली आहे. पाय जितका हलतो, त्या प्रमाणात झडप उघडते. इंजिनाची शक्ती मर्यादित असल्याने ती मिळवण्यासाठी इंजिन वेगाने फिरवावे लागते. कमाल शक्ती ६,५०० फेरे प्रतिमिनिटाच्या आसपास मिळते. थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटर वेग गाठायला या मोटारीला सुमारे ९ सेकंद लागतात. आजच्या साध्या कौटुंबिक मोटारीही त्याच्या जवळपास येतात.

एनडीमध्ये पेडलची स्थिती संवेदक मोजतो आणि झडप किती उघडायची, हे संगणक ठरवतो. इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते आणि संपीडन गुणोत्तर १३ : १ इतके उच्च आहे. त्यामुळे कमी इंधनात अधिक शक्ती मिळते आणि मध्यम वेगातही इंजिन समर्थ वाटते. २०१८ मध्ये २.० लिटर इंजिनाच्या अंतर्गत भागांचे वजन कमी करण्यात आले. इंजिन फिरण्याची मर्यादा ६,८०० वरून ७,५०० फेऱ्यांवर गेली आणि शक्ती १६० वरून १८४ अश्वशक्ती झाली. ही आवृत्ती ताशी १०० किलोमीटर वेग सुमारे साडेसहा सेकंदांत गाठते.

वजनाशी तुलना केल्यास एनएमध्ये दर टनामागे सुमारे १२० अश्वशक्ती, तर एनडीच्या १८४ अश्वशक्तीच्या आवृत्तीत सुमारे १७५ अश्वशक्ती उपलब्ध होते. आकड्यांत नवी मोटार सरस आहे यात शंका नाही. चालनानुभवाच्या दृष्टीने मात्र या फरकाला दुसरी बाजू आहे. कमी शक्तीच्या मोटारीत चालक संपूर्ण शक्तीचा वापर सार्वजनिक रस्त्यावर, वेगमर्यादेच्या आत राहूनही बऱ्याच वेळा करू शकतो. वळणात शिरताना गमावलेला वेग पुन्हा मिळवणे कष्टाचे असल्यामुळे तो राखण्याचे कौशल्य त्याला शिकावे लागते. शक्ती वाढते तसा हा वापर वेगमर्यादेत बसवणे कठीण होत जाते. जपानमध्ये एनडीचे सौम्य छपराचे रूप १.५ लिटर इंजिनासह विकले गेले. अनेक जाणकार जुन्या मोटारीच्या स्वभावाला तेच अधिक जवळचे मानतात.

## गिअर आणि क्लच

गिअर बदलण्याचा अनुभव हा दोन्ही पिढ्यांमधील सर्वांत ठळक सारखेपणा आहे. दोन्हींत गिअरचा दांडा आखूड असून तो थोड्याच अंतरात, स्पष्ट खटक्यासह बसतो. दांडा गिअरपेटीच्या वरच असल्यामुळे मधे तारांची किंवा लांब दांड्यांची जोडणी लागत नाही.

यामागे आणखी एक रचना आहे. गिअरपेटी आणि मागील डिफरन्शिअल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनिअमची चौकट एनएमध्ये वापरण्यात आली आणि ती पुढील सर्व पिढ्यांत कायम राहिली. या चौकटीमुळे इंजिनापासून मागील आसापर्यंतचा सगळा भाग एकसंध राहतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच किंवा सोडताच तो पिळला जात नाही आणि मोटारीचा प्रतिसाद तत्काळ मिळतो.

एनएमध्ये पाच, तर एनडीमध्ये सहा गिअर आहेत. एनडीचा सहावा गिअर सरळ, म्हणजे १ : १ गुणोत्तराचा आहे. खालचा गिअर टाकताना इंजिनाचा वेग आपोआप जुळवून देणारी सोय अनेक आधुनिक क्रीडा मोटारींत असते. एनडीच्या हाताने बदलायच्या गिअरमध्ये ती नाही. ब्रेकवर पायाचा पुढचा भाग ठेवून टाचेने किंवा पावलाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटर दाबण्याचे जुने तंत्र दोन्ही मोटारींत चालकालाच आत्मसात करावे लागते. एनडीमध्ये जमिनीला बिजागरी असलेले अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल त्यासाठी सोयीचे ठरते.

## सस्पेन्शन आणि वळणावरील वर्तन

एनएच्या चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे. या रचनेत प्रत्येक चाक वर आणि खाली अशा दोन त्रिकोणी भुजांनी धरलेले असते. त्यामुळे मोटार कलली तरी टायर जमिनीवर बऱ्याच अंशी सपाट टेकलेला राहतो. त्या काळातील स्वस्त मोटारींत ही महागडी रचना क्वचितच आढळे. एनडीमध्ये पुढे डबल विशबोन आणि मागे अनेक भुजांची मल्टिलिंक रचना आहे.

दोन्ही मोटारी वळणावर स्पष्टपणे कलतात. हे कलणे सहसा दोष मानले जाते. तथापि, एमएक्स-५ च्या बाबतीत ते काही प्रमाणात हेतुपुरस्सर आहे. शरीराला जाणवणारा कल चालकाला वळणातील बलाचा अंदाज देतो. शिवाय मऊ स्प्रिंगांमुळे खडबडीत रस्त्यावरही टायरचा जमिनीशी संपर्क टिकतो.

एनडीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवर कल अधिक असल्याची टीका झाली. त्यावर माझदाने काढलेला मार्ग नव्या काळाचा वैशिष्ट्यपूर्ण नमुना आहे. जपानमध्ये २०२१ च्या अखेरीस दाखल झालेल्या 'कायनेमॅटिक पोश्चर कंट्रोल' या प्रणालीत वेगवान वळणावर आतल्या बाजूच्या मागील चाकाला अगदी हलका ब्रेक लावला जातो. मागील सस्पेन्शनच्या भुजांची रचना अशी आहे की ब्रेक लागताच तो कोपरा खाली ओढला जातो आणि मोटारीचे उचलले जाणे कमी होते. यासाठी एकही नवा भाग जोडावा लागला नाही. वजन न वाढवता केवळ आज्ञावलीतील बदलाने स्वभाव सुधारण्यात आला.

ढाच्याच्या कणखरतेत मात्र नवी मोटार निर्विवादपणे पुढे आहे. छप्पर नसलेल्या मोटारीचा ढाचा मुळातच कमी कणखर असतो. एनएमध्ये खराब रस्त्यावर काचेची चौकट आणि डॅशबोर्ड थरथरताना जाणवतो. एनडीमध्ये उच्च ताणशक्तीच्या पोलादाचा वापर अधिक असल्याने ही थरथर बरीच कमी झाली आहे. बॉनेट, पुढील मडगार्ड आणि डिकीचे झाकण अ‍ॅल्युमिनिअमचे असल्याने वजनही आटोक्यात राहिले.

टायरची रुंदी हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. एनएचे टायर १८५ मिलिमीटर रुंद होते. एनडीच्या १.५ लिटर आवृत्तीत ते फक्त १० मिलिमीटरने वाढले. पकड प्रमाणाबाहेर वाढवली की मर्यादा फार उच्च वेगावर जाते आणि ती ओलांडली गेल्यास सावरायला वेळ उरत नाही. मर्यादित पकडीची मोटार कमी वेगात आणि हळूहळू घसरू लागते. तिचे संकेत ओळखून तिला सावरणे शिकणाऱ्यालाही शक्य होते.

## ब्रेक, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणि सुरक्षितता

दोन्ही पिढ्यांत चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. एनएमध्ये चाके जाम होण्यापासून रोखणारी एबीएस प्रणाली ऐच्छिक होती आणि सुरुवातीच्या अनेक मोटारींत ती नव्हती. जोराने ब्रेक दाबल्यास पुढील चाके थांबून मोटार सरळ घसरत जाऊ शकते. अशा वेळी ब्रेक किंचित सोडून पुन्हा दाबणे हे चालकाचे काम असते.

ओल्या रस्त्यावरील वळणात अ‍ॅक्सिलरेटर एकाएकी सोडल्यास भार पुढच्या चाकांवर सरकतो. मागची चाके हलकी होतात आणि मोटारीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ शकतो. एनएमध्ये हे रोखणारी कोणतीही इलेक्ट्रॉनिक व्यवस्था नाही.

एनडीमध्ये स्थिरता नियंत्रण प्रणाली आहे. स्टीअरिंगचा कोन, प्रत्येक चाकाचा वेग आणि मोटारीच्या फिरण्याचा दर यांची ती सतत तुलना करते. मोटार चालकाने दाखवलेल्या दिशेपेक्षा वेगळी वळू लागली, तर ती एखाद्या चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून आणि इंजिनाची शक्ती कमी करून मोटार सावरते. ही प्रणाली अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात २०१४ च्या अखेरपासून सर्व नव्या मोटारींना बंधनकारक झाली. त्यामुळे या बाजारांत तिच्याविना नवी क्रीडा मोटार विकणे आता शक्यच नाही. एनडीमध्ये चालकाला ती बंद करता येते. २०२४ च्या सुधारणेत, बंदिस्त धावपट्टीवर मोटार पूर्ण गिरकी घेण्याच्या बेतात असेल तेव्हाच हस्तक्षेप करणारी अवस्थाही काही बाजारांत देण्यात आली.

अपघात झाल्यास होणाऱ्या इजेच्या दृष्टीने दोन मोटारींत मोठे अंतर आहे. एनएमध्ये बाजारानुसार एअरबॅग नव्हती किंवा मर्यादित होती. तिच्या बाजूच्या धडकेपासून मिळणारे संरक्षणही आजच्या मानाने अपुरे आहे. युरो एनकॅप ही युरोपीय सुरक्षा-चाचणी व्यवस्था १९९७ मध्ये, म्हणजे एनएचे उत्पादन संपत आले तेव्हा सुरू झाली. २०१५ मध्ये याच व्यवस्थेने एनडीला पाचपैकी चार तारे दिले. एनडीमध्ये आसनांच्या मागे संरक्षक कमानी, बाजूच्या एअरबॅग आणि युरोपीय आवृत्तीत पादचाऱ्याला धडक बसल्यास वर उचलले जाणारे बॉनेट आहे.

एनएची ओळख ठरलेले उघडमीट होणारे पुढील दिवे १९९८ मधील दुसऱ्या पिढीपासून वगळण्यात आले.

## आसन, दृश्य आणि आवाज

एनएची बैठक साधी आहे. गोल काट्यांची मोजपट्टी, मोजकी बटणे आणि पातळ दारे एवढाच तिचा पसारा आहे. काचेच्या चौकटीचे खांब सडपातळ असल्याने वळणाच्या आतल्या बाजूचे दृश्य मोकळे दिसते. स्टीअरिंगची उंची किंवा अंतर बदलण्याची सोय नसल्याने उंच चालकांना ती अडचणीची वाटते. छपराची मागील खिडकी लवचीक प्लॅस्टिकची असून कालांतराने ती पिवळी आणि धूसर होते.

एनडीमध्ये चालक खाली आणि मोटारीच्या मध्याजवळ बसतो. पुढील मडगार्डचे उंचवटे आसनावरून दिसतात. त्यामुळे पुढची चाके कोठे आहेत, याचा अंदाज येतो. मागील खिडकी काचेची आहे आणि छप्पर आसनावर बसूनच एका हाताने उघडता-मिटता येते. स्टीअरिंग पुढे-मागे सरकवण्याची सोय २०१८ च्या सुधारणेत आली. डॅशबोर्डवर माहितीचा पडदा आहे. चालकाचे लक्ष रस्त्यावरून ढळण्याचे आणखी एक कारण म्हणून काहीजण त्याकडे पाहतात, तर मार्गदर्शक नकाशामुळे तो उपयुक्तच आहे, असे इतरांचे म्हणणे आहे.

दोन्ही मोटारींत आवाजाला महत्त्व दिलेले आहे. मात्र महामार्गावर छप्पर मिटलेले असतानाही वारा आणि टायर यांचा आवाज दोन्हींत बराच येतो. लांबच्या प्रवासात तो थकवा आणणारा ठरू शकतो. एनडी या बाबतीत तुलनेने सुसह्य आहे.

## तुलना करताना घ्यावयाची दक्षता

जुन्या आणि नव्या मोटारीची तुलना पुष्कळदा अयोग्य पायावर केली जाते. त्यातील पुढील मुद्दे विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत.

* झीज: आज उपलब्ध असलेली बहुतेक एनए मोटार तीस किंवा त्याहून अधिक वर्षांची आहे. सस्पेन्शनमधील रबरी बुशिंग कडक झालेली असतात आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर झिजलेले असतात. अशा मोटारीतील सैलपणा मूळ रचनेचा दोष नसतो.
* टायर: मूळ टायरांपेक्षा आजच्या टायरांची पकड वेगळी असते. टायर बदलले की स्टीअरिंगचे वजन आणि घसरण्याची पद्धतही बदलते.
* फेरबदल: अनेक मालकांनी जुन्या मोटारी खाली बसवल्या, त्यांना कडक स्प्रिंग आणि रुंद टायर लावले. अशी मोटार चालवून पहिल्या पिढीविषयी निष्कर्ष काढता येत नाही.
* आवृत्ती: साहाय्य नसलेल्या स्टीअरिंगची १.६ लिटर मोटार आणि १९९३ नंतरची १.८ लिटर मोटार यांच्या स्वभावात फरक आहे. एनडीच्या १.५ आणि २.० लिटर आवृत्त्यांबाबतही हेच खरे आहे.
* स्मृती: तरुणपणी चालवलेल्या मोटारीची आठवण आणि आज चालवलेली मोटार यांची तुलना ही दोन मोटारींची तुलना राहत नाही.

मूळ स्थितीतील एनए मोटारी दुर्मीळ होत चालल्याने माझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये त्यांच्या पुनरुज्जीवनाची अधिकृत सेवा जाहीर केली. बंद झालेल्या अनेक भागांचे उत्पादन त्यासाठी पुन्हा सुरू करण्यात आले. मूळ टायरांशी मिळताजुळता टायरही ब्रिजस्टोन कंपनीच्या सहकार्याने नव्याने तयार झाला. नव्या मोटारीचे उत्पादन चालू असताना त्याच कंपनीने जुन्या मोटारीचा मूळ अनुभव जतन करण्यासाठी केलेला हा प्रयत्न उल्लेखनीय मानला जातो.

## मूल्यमापन

वेग, इंधनबचत, कणखरता, अचूकता आणि सुरक्षितता या मोजता येण्याजोग्या सर्व कसोट्यांवर चौथी पिढी पहिल्या पिढीपेक्षा श्रेष्ठ आहे. रस्त्याची वार्ता थेट हातापर्यंत आणणारे स्टीअरिंग आणि चालकाच्या कृतीचा परिणाम कोणत्याही मध्यस्थीविना दाखवणारी यंत्रणा या बाबतींत पहिल्या पिढीचे स्थान वेगळे आहे.

या दोन बाजू परस्परांपासून पूर्णपणे वेगळ्या करता येत नाहीत. एनएमधील थेटपणा आणि तिच्यातील धोका यांचा उगम एकच आहे. चालकाची चूक सुधारणारे तिच्यात काही नाही, म्हणूनच चूक लगेच कळते आणि तिचा परिणामही लगेच भोगावा लागतो. एनडीमध्ये चूक पुष्कळदा निस्तरली जाते. त्यामुळे जीव वाचतात, पण चूक झाली होती हे काही वेळा चालकाच्या लक्षातही येत नाही. वाहनचालनाचे शिक्षण, वाहनांविषयीचे नियम आणि क्रीडा मोटारींची रचना या तिन्ही क्षेत्रांत हा प्रश्न चर्चेत असतो.

माझदाने चौथ्या पिढीत यावर काढलेला तोडगा असा की वजन आणि आकार वाढू न देणे, टायर अवाजवी रुंद न करणे, गिअर आणि क्लच चालकाच्या हाती ठेवणे आणि इलेक्ट्रॉनिक साहाय्य शक्य तितके उशिरा व सौम्यपणे वापरणे. पहिल्या पिढीचे सूत्र नव्या नियमांच्या चौकटीत किती प्रमाणात टिकवता येते, याचे उदाहरण म्हणून या दोन मोटारींचा एकत्रित अभ्यास केला जातो.